मत शहरांचे, माणसे खेड्यांची

खुलताबादेत आणि गावाला लागून, पायी हिंडता येईल एवढ्या टापूत, दख्खनवर फौजा नाचवणाऱ्या तिघांच्या कबरी आहेत. १६२६ साली वारलेला मलिक अंबर, १७०७ साली अहमदनगरला मरण पावलेला आणि इथे आणून पुरलेला औरंगजेब, आणि हैदराबादच्या गादीचा मूळ पुरुष, १७४८ साली गेलेला पहिला निजाम आसफजाह. या तिघांच्या काळात हा मुलूख लढायांनी पार भाजून निघाला. तरीही राज्यातल्या प्रत्येक धडधाकट गड्याने शिपाई झालेच पाहिजे, असा कायदा त्यांच्यापैकी कुणी केला नाही. फौज उभी राहायची ती पगारावर, जहागिरीवर आणि लुटीच्या आशेवर. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन यायचा, बारगिराला घोडे सरकारातून मिळायचे, आणि दसरा झाला की कुणब्याची पोरे नांगर टेकवून एखाद्या सरदाराच्या मागे निघायची. सक्तीने शिपाईगिरीत आलेला या तिघांत एकच, तो म्हणजे अंबर. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० साली त्याने खडकी वसवली. तेच आपले औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर.

त्याच औरंगाबादच्या छावणीत जून १८५७मध्ये एक प्रकरण घडले. हैदराबाद कंटिन्जन्ट ही फौज निजामाच्या पैशावर पोसलेली, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. तिच्या घोडदळात बातमी पसरली की आपल्याला निजामाच्या हद्दीबाहेर नेऊन दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला लावणार. स्वारांनी जायला नकार दिला. पुण्याकडून जनरल वुडबर्न कुमक घेऊन आला, बंड मोडले, आणि कोर्टमार्शल करून कुणाला फासावर, कुणाला गोळीने, तर कुणाला तोफेच्या तोंडी दिले. क्रांती चौकातला काळा चबुतरा ही त्याची खूण. हे लोक पगारी शिपाई होते, जबरदस्तीने भरलेले नव्हते. पण कुणासाठी लढायचे, कुठवर जायचे आणि हे ठरवणार कोण, हे त्यांनी विचारले आणि त्याची किंमत मोजली. साठ वर्षांनी हीच विचारणा पुण्यामुंबईत झाली, तेव्हा ती करणारे लोक निराळे होते आणि लढायला जाणारे निराळे.

ऑगस्ट १९१४मध्ये ब्रिटन महायुद्धात उतरले. खुलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि गादीवर सातवा निजाम मीर उस्मान अली खान. नोव्हेंबरात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने लढाईत आले. तुर्कस्तानचा सुलतान म्हणजे खलिफा, त्यामुळे इंग्रज सरकारला हिंदुस्थानातल्या मुसलमानांची चिंता लागली. निजामाने लगेच जाहीरनामा काढला आणि इंग्रजांशी इमान राखा, असे आपल्या धर्मबांधवांना बजावले. घोडदळांच्या खर्चापोटी लाखो रुपये दिले. जुन्या कंटिन्जन्टच्या घोडदळातूनच पुढे आलेली २०वी डेक्कन हॉर्स फ्रान्सला गेली आणि १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर, हाय वुड नावाच्या रानाजवळ, मशीनगनच्या जमान्यात भाले सरसावून तिने घोडे घातले. ज्यांचे पूर्वसुरी निजामाची हद्द ओलांडायला तयार नव्हते, त्यांनी समुद्र ओलांडला. रयतेचे मत मात्र कुणी विचारले नाही, कारण विचारण्याची त्या राज्यात रीतच नव्हती. युद्ध संपता संपता निजामाला इंग्रजांकडून ‘फेथफुल अ‍ॅलाय’, म्हणजे विश्वासू दोस्त, हा किताब मिळाला.

विचारण्याची रीत जिथे होती, तिथे काय झाले तेही पाहायला हवे. ब्रिटनने पहिली दीड वर्षे स्वेच्छेच्या भरतीवर काढली आणि जानेवारी १९१६मध्ये सक्तीचा कायदा केला. आयर्लंडला त्यातून वगळले. एप्रिल १९१८मध्ये तिथेही सक्ती लावायचा प्रयत्न झाला, तेव्हा पाद्र्यांपासून मजुरांपर्यंत सगळे आयरिश असे खवळले की कायदा कागदावरच राहिला. ऑस्ट्रेलियाने तर थेट लोकांचा कौल घेतला, एकदा ऑक्टोबर १९१६मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९१७मध्ये. दोन्ही वेळा लोकांनी सक्ती नाकारली, तीही मुले रणांगणावर मरत असताना. या बातम्या इथल्या वृत्तपत्रांत छापून येत होत्या आणि वाचणारे त्यावर वाद घालत होते.

हिंदुस्थानात सक्ती आली १९१७च्या आरंभी, आणि ती ज्या रूपाने आली त्यात अख्खी साम्राज्याची घडी दिसते. ‘इंडियन डिफेन्स फोर्स’चा कायदा झाला. त्यानुसार हिंदुस्थानात राहणाऱ्या १६ ते ५० वयाच्या युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांवर लष्करी सेवा सक्तीची झाली. चहाच्या मळ्यातला साहेब, रेल्वेतला गोरा फोरमन, कलकत्त्याच्या पेढीतला कारकून, कुणीही सुटला नाही. हिंदी माणसाला मात्र ही सेवा ऐच्छिक, तीही वेगळ्या तुकड्यांत आणि मुदतीच्या आत नाव नोंदवले तर. वरवर पाहता ही सवलत वाटते. सुशिक्षित महाराष्ट्राला ती चपराक वाटली, आणि माझ्या मते त्यांचे चुकले नाही. सक्ती करायची म्हणजे सर्वांना बंदुका द्यायच्या, सर्वांना कवायत शिकवायची आणि त्यातल्या हुशारांना अधिकारी करायचे. १८७८च्या हत्यारांच्या कायद्याने ज्या देशाला निःशस्त्र केले, तिथे हे परवडणारे नव्हते. सरकारला शिपाई हवे होते, शस्त्र चालवता येणारे नागरिक नको होते.

दर्जाचा प्रश्न याहून बोचरा होता. हिंदी शिपाई बढती मिळवत मिळवत फार तर सुभेदार मेजर व्हायचा. तीस वर्षे चाकरी झालेला, छातीवर पदके लावलेला हा माणूस नुकत्याच विलायतेहून उतरलेल्या विशीतल्या लेफ्टनंटला सलाम ठोकायचा आणि त्याच्या हुकमात राहायचा. राजाची सनद, म्हणजे किंग्ज कमिशन, गोऱ्यांसाठी राखीव होती. ऑगस्ट १९१७मध्ये ती अट उठवल्याचे जाहीर झाले आणि सनदा मिळाल्या एकूण नऊ जणांना.

टिळकांची भूमिका या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे कळते, एरवी ती बुचकळ्यात टाकते. मंडालेची सहा वर्षे भोगून ते जून १९१४मध्ये सुटले. दोनच महिन्यांत युद्ध पेटले आणि त्यांनी ‘मराठा’त पत्र छापून सरकारला मदत करण्याचे आवाहन केले. अनेकांना वाटले, म्हातारा थकला. पण एप्रिल १९१६मध्ये बेळगावला होमरूल लीग उभी राहिली आणि हिशेब उघड झाला. लष्करी शिक्षण मिळते आहे तोवर ते घ्या, साम्राज्याला मदत करा, आणि त्याच तोंडाने स्वराज्य मागा. १९१७मध्ये डिफेन्स फोर्ससाठी त्यांनी पुण्यात सभा घेतली, तरुणांची नावे नोंदवून घेतली, आणि पिकले केस आड येत नसतील तर मीही फळीत उभा राहीन, अशा अर्थाचे बोलले. त्यांनी साठी ओलांडली होती. सरकारने या उत्साहाची कदर अशी केली की त्याच वर्षी फेब्रुवारीत पंजाब आणि दिल्लीत पाऊल टाकायला त्यांना बंदी घातली. पंजाब म्हणजे भरतीचे कोठार. तिथे टिळकांचे भाषण सरकारला नको होते, मग ते भरती व्हा म्हणून सांगणारे का असेना.

डिफेन्स फोर्सच्या हिंदी तुकड्यांना अपेक्षेच्या मानाने फार थोडी नावे आली. मवाळ म्हणत, अटी न घालता मदत करा, युद्ध संपल्यावर इंग्रज न्याय देईलच. जहालांतले काही म्हणत, परक्याच्या लढाईत आपले रक्त का सांडायचे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मराठ्यांच्या भरतीला मनापासून पाठिंबा दिला, कारण त्यांच्या लेखी पलटण ही बहुजनांच्या मुलाला मानाने उभे राहायची जागा होती. या सगळ्या मतमतांतरांत एक गोष्ट कुणीच मोठ्याने बोलत नव्हते. वाद घालणाऱ्यांच्या घरातली मुले पलटणीत क्वचितच जात होती.

जात होती ती सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे, नगरकडच्या खेड्यांतली मुले. बाजाराच्या दिवशी किंवा जत्रेत एखादा पेन्शनर हवालदार कडक गणवेशात येऊन उभा राहायचा. आधी उंची, मग फुगवलेली छाती मोजली जायची. नाव, गाव, बापाचे नाव, जात लिहून घेतली जायची आणि पोरगा गाडीत बसायचा. वर्ष वाईट गेले असेल तर तो आईला न सांगताच बसायचा. काही महिन्यांनी मनिऑर्डर यायची. गावात टपालवाला थांबला की आधी मनिऑर्डर आहे की तार, हे पाहिले जायचे.

डिसेंबर १९१५पासून एप्रिल १९१६पर्यंत मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा या गावात तुर्कांनी इंग्रजी फौजेला वेढा घातला होता. वेढ्यात अडकलेली डिव्हिजन ‘सहावी पूना’. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. दाणागोटा संपला, घोडी कापून खायची पाळी आली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातून चालवत नेताना आणि कैदेत त्यांतले हजारो गेले. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव आज ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. त्या एका गावचे ४६ जण या महायुद्धात पडले. टाऊन हॉलमधल्या कुठल्याही ठरावापेक्षा हा आकडा मला जास्त बोलका वाटतो.

खेड्याचे मत वृत्तपत्रांत छापून आले नाही. शिपायांचे मत मात्र थोडेफार उरले आहे, आणि ते उरले सरकारच्याच संशयीपणामुळे. फ्रान्सहून घरी जाणारी पत्रे सेन्सॉर फोडून वाचायचा आणि उतारे काढून ठेवायचा. त्यांत पंजाबी पत्रे अधिक आहेत. घरच्यांना आडून आडून सांगितलेले आहे की भावाला भरती होऊ देऊ नका. काळी मिरी संपत आली, लाल मिरची अजून शिल्लक आहे, असे एकाने लिहिले. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, हे समजायला सेन्सॉरला वेळ लागला नाही.

पंजाबात तर सक्ती कायद्यावाचूनच आली. १९१७पासून भरतीचे काम मुलकी अधिकाऱ्यांकडे सोपवले गेले आणि इतकी माणसे पाहिजेत असे आकडे ठरू लागले. लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायरच्या कारकिर्दीत जिल्ह्याजिल्ह्याला हिस्सा वाटून दिला, आणि तो भरून काढताना काय काय झाले, हे पुढे काँग्रेसच्या चौकशी समितीने नोंदवले. देशभरातून भरलेल्या सुमारे पावणेसात लाख लढाऊ शिपायांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या पंजाबचे. आपल्याकडे दट्ट्या एवढा उघड नव्हता. पण मामलेदाराने चावडीवर बसून गावाकडून माणसे मागितली, तर त्याला विनंती म्हणायचे की हुकूम, हे त्या पाटलालाच ठाऊक.

आणि याच महाराष्ट्रात एक समाज असा होता की तो भरती करून घ्या म्हणून अर्जांवर अर्ज करत होता. कंपनीच्या काळात महार शिपाई मुंबईच्या फौजेचा कणा होते. १८९०च्या दशकात ‘लढाऊ जमाती’चे खूळ आले आणि महारांची भरती बंद झाली. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पलटण बंद होणे म्हणजे पगार, पेन्शन, मुलांची शाळा आणि गावाबाहेर मिळणारा मान, सगळेच बंद. महायुद्धात माणसांची चणचण भासली तेव्हा सरकारला एकाएकी साक्षात्कार झाला आणि १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली. १९२१ साली, गरज सरताच, ती मोडली. सक्तीच्या भरतीवरच्या कुठल्याही चर्चेत हे प्रकरण आठवावे. इथे माणसे फळीत उभी राहायला तयार होती आणि सरकार त्यांना घरी पाठवत होते.

१९१८च्या वसंतात जर्मनांनी पश्चिम आघाडीवर जोराची मुसंडी मारली आणि लंडनची झोप उडाली. एप्रिलअखेर व्हाइसरॉय चेम्सफर्डने दिल्लीत युद्ध परिषद बोलावली. टिळक आणि अ‍ॅनी बेझंट यांना बोलावणे नव्हते. गांधी गेले आणि भरतीच्या ठरावाला हिंदुस्थानीत एका वाक्यात पाठिंबा देऊन बसले. मुंबई इलाख्याची परिषद १० जूनला टाऊन हॉलमध्ये भरली. अध्यक्षस्थानी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन. या खेपेला टिळक, केळकर, जिना, हॉर्निमन अशा होमरूलवाल्यांना निमंत्रण होते. पण विलिंग्डनने सुरुवातीच्याच भाषणात होमरूलवाल्यांच्या मदतीच्या सच्चेपणाबद्दल शंका काढली. म्हणजे पाहुण्याला घरी बोलवायचे आणि दारातच नियत विचारायची.

राजनिष्ठेच्या ठरावावर टिळक बोलायला उठले. राजाशी निष्ठा आहेच, असे सांगून ते म्हणाले की स्वदेशाचे रक्षण आणि स्वदेशाचे राज्य या गोष्टी तोडता येत नाहीत. विलिंग्डनने त्यांना थांबवले. राजकीय चर्चा इथे चालणार नाही. टिळकांनी वाद घातला नाही, ते व्यासपीठावरून उतरले आणि सभागृहाबाहेर पडले. पाठोपाठ केळकर उठले, त्यांनाही तेच ऐकायला मिळाले आणि तेही गेले. आणखी काहींनी तीच वाट धरली. जिना थांबले आणि मनुष्यबळाच्या ठरावाच्या वेळी त्यांनी गव्हर्नरला तोंडावर सुनावले. लोकांना नागरिक म्हणून वागवा, मग सैन्य मागा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सहा दिवसांनी, १६ जूनला, गिरगावातल्या शांताराम चाळीत निषेधाची सभा झाली. तिचे अध्यक्ष होते गांधी. टिळकांची होमरूल, जिनांची तडफ आणि गांधींचे अध्यक्षपद एकाच गोष्टीसाठी एकत्र आल्याचे असे प्रसंग आपल्या इतिहासात फार नाहीत, आणि हा प्रसंग आला तो सैन्यभरतीवरून.

पण भरती कशी करायची, यावर टिळक आणि गांधी यांची वाट एक नव्हती. गांधी म्हणत, मदत बिनशर्त हवी, सौदा नको. टिळकांना सौदाच हवा होता. त्यांनी गांधींकडे ५०,००० रुपयांचा चेक पाठवला आणि पैज लावली. हिंदी माणसाला सैन्यात अधिकाराच्या जागा देण्याचे वचन तुम्ही सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून ५,००० शिपाई उभे करतो, नाही केले तर हे पैसे तुमचे. गांधींनी चेक परत केला.

त्या उन्हाळ्यात गांधी स्वतः खेडा जिल्ह्यात भरतीसाठी हिंडले, बरोबर वल्लभभाई. जिल्ह्यात सहाशे गावे, गावागणिक वीस माणसे, म्हणजे बारा हजार शिपाई, असा हिशेब त्यांनी मांडला होता. काही महिन्यांपूर्वी सारा तहकुबीसाठीच्या सत्याग्रहात याच लोकांनी त्यांना फुकट बैलगाड्या दिल्या होत्या. आता भाड्याने गाडी मिळेना. अहिंसा सांगणारा माणूस बंदूक घ्यायला कसा सांगतो, असे लोक विचारत. पायपीट आणि आबाळ यांनी ऑगस्टमध्ये गांधी इतके आजारी पडले की जगतात की नाही, अशी वेळ आली. टिळकांचे काय झाले? त्याच ऑगस्टमध्ये, जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या परवानगीवाचून जाहीर भाषण करायचे नाही, असा हुकूम त्यांच्या हाती पडला. तेव्हा ती पैज कधी लढली गेलीच नाही. माझे मत विचाराल तर माणसांच्या स्वभावाची पारख टिळकांना अधिक होती. गांधींनी नैतिक आवाहन केले आणि ज्यांच्यावर त्यांची जादू चालायची त्यांनीच पाठ फिरवली. शेतकऱ्याला देशासाठी मर म्हणून सांगायचे, तर तो देश त्याचा आहे हे आधी दाखवावे लागते.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. कापड, मीठ, रॉकेल यांचे भाव चढले. जूनमध्ये मुंबईत उतरलेल्या इन्फ्लुएन्झाने सप्टेंबर-ऑक्टोबरात दख्खन झोडपले. देशभरात कोटीच्या वर माणसे गेली, रणांगणावर मेलेल्या हिंदी शिपायांच्या शंभरपटींहून जास्त. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले. बक्षीस म्हणून मार्च १९१९मध्ये रौलट कायदा आला आणि पुढच्याच महिन्यात, ज्या पंजाबने सर्वांत जास्त शिपाई दिले, त्याच पंजाबात जालियनवाला बाग झाली. नोव्हेंबर १९२१मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स पुण्यात आला आणि त्याच्या हस्ते मराठा युद्धस्मारकाची पायाभरणी झाली.

लष्करी शिक्षणाची मागणी मात्र मेली नाही, ती घरोघर पांगली. डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. दुसऱ्या महायुद्धात सावरकर ‘सैन्यात शिरा’ म्हणून सांगत होते, काँग्रेस युद्धाला असहकार म्हणत होती, आणि आंबेडकर बंद झालेली महारांची पलटण पुन्हा उघडा म्हणून सरकारच्या मागे लागले होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सरकारने याही खेपेला सक्ती लावली ती हिंदुस्थानातल्या गोऱ्यांवरच. हिंदी फौज अडीच लाखांच्या आतून पंचवीस लाखांवर गेली, सगळी स्वेच्छेची. बंगालच्या दुष्काळाच्या काळात स्वेच्छा या शब्दाला किती अर्थ उरतो, हा प्रश्न वेगळा.

स्वातंत्र्यानंतर सक्तीची चर्चा नव्याने सुरू झाली, आणि गंमत म्हणजे तिची सुरुवात युद्धाने झाली नाही. १९५९ साली केंद्र सरकारने चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे, ते हे देशमुख. समितीने सांगितले, शाळा संपवून विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करा. तीत लष्करी शिस्त, अंगमेहनत, समाजसेवा आणि थोडे शिक्षण असावे. खर्चाचा आकडा पाहून सरकारने अहवाल बाजूला ठेवला.

मग २० ऑक्टोबर १९६२ उजाडला आणि चिनी फौजा खाली उतरल्या. महिनाभरात मॅकमहोन रेषेचा प्रश्न घराघरात पोचला. बायकांनी अंगावरचे सोने संरक्षण निधीला काढून दिले, कॉलेजांतून मोर्चे निघाले, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री झाले. सक्तीची लष्करी भरती करा, असे म्हणणाऱ्यांचा आवाज वाढला. सरकारने सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचे ठरवले, पण त्यासाठी सक्ती लागणार नव्हती. भरतीच्या रांगा आपोआप लांबल्या होत्या. सक्ती आली ती दुसरीकडे. १९६३पासून कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना एनसीसी अनिवार्य झाली.

औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ तेव्हा पाच वर्षांचे होते. मराठवाड्यात पहिल्यांदाच खेड्यातली मुले पदवीपर्यंत पोचत होती, आणि त्यांच्या पदरी खाकी गणवेश, पितळी बक्कल घासायची ब्रासोची डबी आणि मैदानावरचे ‘सावधान-विश्राम’ आले. त्या पिढीतले लोक आजही थ्री-नॉट-थ्रीच्या वजनाबद्दल आणि परेडनंतरच्या नाश्त्याबद्दल बोलतात, चीनबद्दल फारसे बोलत नाहीत. लाखो मुलांना पुरतील इतके अधिकारी नव्हते, बंदुका नव्हत्या, बूटसुद्धा मापाचे नसायचे. मैदानावर हजेरी झाली की काम झाले, अशी सवय लागली. डॉक्टरचा दाखला मिळवून सुटणारेही होते. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणाला समाजसेवेची जोड द्या म्हणून सांगितले. एप्रिल १९६७मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी एनसीसीऐवजी दुसरे पर्याय द्यायचे ठरवले. १९६८मध्ये सक्ती उठली आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

तोवर लढणारी माणसे आली ती सवयीच्या सैनिकी गावांतून आणि कोरडवाहू शिवारांतून. सक्ती मागणारे, नाकारणारे, तिच्यावर लेख लिहिणारे बहुतेक शहरांतले आणि शिकलेले. शिकणाऱ्या वर्गाच्या अंगावर सक्ती खरोखर येऊन पडली ती एकदाच, तीही लढाईची नव्हे तर कवायतीची, आणि पाच वर्षांत ती गेली. साधनांची टंचाई हे कारण खरेच आहे, पण ते एकटे होते असे मला वाटत नाही. सक्तीच्या भरतीचा विषय आजही प्रत्येक तणावाच्या वेळी निघतो, आणि तेव्हा हात वर करणाऱ्याने आपल्या घरातले नाव आधी लिहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कायद्याने दार मात्र उघडे ठेवले आहे. घटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगार बंद केली, पण त्याच कलमात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायचा अधिकार राज्याला दिला. अट एकच, धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून भेदभाव करता येणार नाही. प्रादेशिक सेनेच्या कायद्यातही सरकारी आणि सार्वजनिक सेवेतल्या नोकरांना गरज पडल्यास सेवेला बोलावण्याची तरतूद १९५२पासून आहे. २०२२मध्ये आलेली चार वर्षांची अग्निवीर भरतीसुद्धा स्वेच्छेचीच आहे. छत्रपती संभाजीनगरात राज्य सरकारने १९७७ साली काढलेल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत मुले स्पर्धा करून शिरतात. आणि घटना लागू झाल्यापासून आजवर सैन्यात माणसे भरण्यासाठी २३व्या कलमाचा वापर एकदाही झालेला नाही.